बंदूक कुठे सुरू होते?

बुटाची नाडी ही मशीनगन असू शकते काय? प्रश्न वेड्याचा वाटेल. पण २००४ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या एका जबाबदार खात्याने त्याचे लेखी उत्तर ‘होय’ असे दिले होते. मद्य, तंबाखू, बंदुका आणि स्फोटके असा चमत्कारिक संसार सांभाळणारे हे खाते ‘एटीएफ’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. दोन्ही टोकांना फास असलेली चौदा इंच लांबीची नाडी एका विशिष्ट प्रकारे रायफलीला बांधली, तर बोट न हलवता गोळ्या एकामागून एक सुटतात, तेव्हा ती नाडी म्हणजे मशीनगन, असा त्या पत्राचा निष्कर्ष होता. २००७ साली खात्याने खुलासा केला, की नुसती नाडी ही मशीनगन नव्हे, रायफलीला जोडल्यावरच ती तशी ठरते. अमेरिकेतील तमाम बूटधारकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल!

हसू येते खरे. परंतु या विनोदाच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. शस्त्र म्हणजे नेमके काय? जोडलेली, भरलेली, खांद्याला लावता येणारी वस्तू म्हणजेच शस्त्र, की त्याचा एखादा खिळा, एखादी स्प्रिंगसुद्धा शस्त्रच? आणि तो तुकडा आपल्या घरात आहे, पण त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक नाही, तर आपण गुन्हेगार ठरतो काय?

ही गोष्ट सुरू होते दारूबंदीच्या काळात. १९२९ च्या फेब्रुवारीत शिकागोत टोळीयुद्धात सात जणांना भिंतीशी उभे करून थॉमसन बंदुकांनी भाजून काढण्यात आले आणि देश हादरला. १९३४ साली रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत राष्ट्रीय शस्त्र कायदा झाला. त्या कायद्याने मशीनगनवर बंदी घातली नाही. तिची नोंदणी सक्तीची केली आणि हस्तांतरावर दोनशे डॉलर कर बसवला. त्या काळी थॉमसन बंदुकीची किंमतच जवळपास तेवढी होती. मशीनगनवरचा तो कर आजही दोनशे डॉलरच आहे. महागाईने त्याची धार बोथट केली एवढेच. कायद्यातील व्याख्या मोठी नेटकी होती: चापाच्या एका क्रियेने, पुन्हा हाताने न भरता, एकाहून अधिक गोळ्या आपोआप झाडणारी ती मशीनगन. हे दोन शब्द, ‘चापाची क्रिया’, पुढे नव्वद वर्षे वकिलांना पुरले.

अडचण उभी राहिली ती जुळ्या भावंडांमुळे. यूजीन स्टोनर या अभियंत्याच्या मूळ आराखड्यावरून दोन रायफली निघाल्या. एक लष्कराची एम-१६, जी दाबून धरली की धडधडत राहते. दुसरी नागरिकांसाठीची एआर-१५, जी चाप ओढावा तेव्हा एकच गोळी देते. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळणे कठीण. फरक आहे तो पोटात: घोडा, चाप, निवड-खटका अशा काही लहान भागांत. तळहातावर मावतील एवढ्या या वस्तू. लष्करी भाग नागरी रायफलीत बसवला तर ती मशीनगन होते काय, हा प्रश्न मग अटळच होता.

कायदा टप्प्याटप्प्याने त्या तळहातापर्यंत पोहोचला. १९६८ च्या दुरुस्तीने मशीनगनमध्ये रूपांतर करण्यासाठी योजलेल्या भागांचा संच हीच मशीनगन ठरली. १९८१ साली एटीएफने निवाडा दिला, की एआर-१५ साठी बनवलेला ‘ऑटो सिअर’ हा छोटा खटका स्वतःच मशीनगन आहे, मग सोबत रायफल असो वा नसो. १९८६ साली संसदेने एकट्या भागालाही व्याख्येत ओढले आणि त्याच वर्षीच्या १९ मेनंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाने बाळगण्यावर बंदी घातली. शिक्षा दहा वर्षांपर्यंतची. शिवाय व्याख्येत आणखी एक मेख आहे. ज्या भागांतून मशीनगन जोडता येईल असे सगळे भाग एकाच माणसाच्या ताब्यात असले, तर ते सुटे असले तरी मशीनगनच. ज्याने आयुष्य बँकेच्या खातेवह्यांत घालवले त्याला यात काही नवल वाटणार नाही. दोन निरुपद्रवी नोंदी एकाच खात्यावर एकत्र आल्या, की तिसराच अर्थ निघतो, हे आम्ही लेखापरीक्षणात शिकलो होतो.

या साऱ्याची खरी परीक्षा झाली ती १९९४ साली, ‘स्टेपल्स विरुद्ध अमेरिका’ या खटल्यात. ओक्लाहोमातील एका गृहस्थाच्या घरी एआर-१५ सापडली. लष्करी खटका पूर्ण फिरू नये म्हणून या रायफलीत धातूचा एक अडथळा असतो. तो घासून काढलेला होता आणि आत एम-१६ चे काही भाग होते. आरोपीचे म्हणणे साधे होते: ‘माझ्या हातात ती कधीच आपोआप चालली नाही. ती तशी चालू शकते हे मला माहीत नव्हते.’ सरकार म्हणाले, माहीत असण्याची गरजच नाही. घातक वस्तू बाळगणाऱ्याने स्वतःच चौकशी करायला हवी, हातबॉम्ब बाळगणाऱ्याला जो न्याय तोच याला. सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सरकारचे म्हणणे फेटाळले. ज्या देशात बंदूक बाळगणे ही पिढ्यान् पिढ्यांची कायदेशीर रीत आहे, तिथे केवळ बंदूक आहे म्हणून माणसाने सावध व्हावे अशी अपेक्षा धरता येत नाही. आपल्या रायफलीत मशीनगनचे गुण आहेत हे आरोपीला ठाऊक होते, हे सरकारनेच सिद्ध केले पाहिजे, असा न्यायमूर्ती थॉमस यांच्या निकालाचा आशय होता.

योगायोग असा, की त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीत आपले सर्वोच्च न्यायालयही याच प्रश्नाशी झुंजत होते. खटला मुंबईचा होता. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर अभिनेता संजय दत्त याच्यावर एके-५६ बाळगल्याचा आरोप होता. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले, की टाडा कायद्यातील ‘ताबा’ म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. वस्तू नुसती घरात असून भागत नाही, ती आहे याची जाणीव हवी. त्या प्रकरणातील एक तपशील विसरता येत नाही. रायफल नष्ट करण्यात आली होती. पोलिसांच्या हाती लागली ती तिची एक स्प्रिंग आणि एक सळई. २००७ मध्ये विशेष न्यायालयाने त्याला टाडातून मुक्त केले, पण शस्त्र कायद्याखाली दोषी ठरवले आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून शिक्षा पाच वर्षांवर आणली.

आपला १९५९ चा शस्त्र कायदा या बाबतीत मुळापासूनच स्पष्ट आहे. ‘शस्त्रे’ या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्रांचे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्री येते. लाठी आणि साधी हातकाठी मात्र नाव घेऊन वगळलेली आहे. आपल्याकडे परवाना हा नियम नसून अपवाद आहे. अमेरिकेत बंदूक हा नियम आहे आणि बंदी हा अपवाद. म्हणूनच तिथे अपवादाची रेषा एकेका खटक्यावरून, एकेका इंचावरून आखावी लागते.

ही रेषा किती वाकडीतिकडी जाते त्याचे दोन नमुने. १९८९ साली परदेशी बनावटीच्या लष्करी धाटणीच्या रायफलींच्या आयातीवर बंधने आली. मग सुटे भाग आणून देशात रायफली जोडल्या जाऊ लागल्या. तेव्हा नियम झाला, की ठरवून दिलेल्या वीस भागांपैकी दहाहून अधिक भाग परदेशी असता कामा नयेत. म्हणजे तीच रायफल, तीच गोळी. अकरावा भाग अमेरिकन बसवला की कायदेशीर! दुसरा नमुना १९९४ च्या ‘असॉल्ट वेपन’ बंदीचा. सुटे मॅगझिन लागणाऱ्या अर्धस्वयंचलित रायफलीला घडीचा दस्ता, पिस्तुली मूठ, संगीन अडकवण्याची खूण अशा लक्षणांपैकी दोन असली की बंदी. कारखानदारांनी संगिनीची खूण काढली, मूठ बदलली आणि दुकाने चालू राहिली. दहा वर्षांनी, सप्टेंबर २००४ मध्ये, ती बंदी आपोआप संपली. काही राज्यांनी मात्र स्वतःचे तसे कायदे ठेवले आहेत.

इथवर सारे शब्दांचे खेळ वाटतील. १ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास व्हेगासमध्ये त्यांची किंमत कळली. एका हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून संगीत महोत्सवाच्या गर्दीवर गोळीबार झाला. साठ माणसे गेली. रायफली नागरीच होत्या, पण त्यांतल्या अनेकींना ‘बंप स्टॉक’ नावाचा प्लास्टिकचा दस्ता बसवलेला होता. तो रायफलीच्या धक्क्याचाच उपयोग करून चाप बोटावर पुन्हा पुन्हा आदळवतो. आधीच्या दशकात एटीएफने दहाहून अधिक पत्रांत अशी साधने मशीनगन नव्हेत असे कळवले होते. २०१८ मध्ये त्याच खात्याने नियम काढला, की त्या मशीनगनच आहेत. जून २०२४ मध्ये ‘गार्लंड विरुद्ध कारगिल’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो नियम रद्द केला. बहुमताचा तर्क असा: दर गोळीला चाप एकदा हलतोच, तेव्हा ‘चापाच्या एका क्रियेने’ एकच गोळी सुटते. अल्पमतातील न्यायमूर्ती सोटोमायॉर यांनी म्हटले, की नेमबाज चाप एकदा ओढतो आणि पुढे दाब ठेवतो, मग याला वेगळे काय म्हणायचे?

मला दोन्ही बाजू कळतात आणि म्हणूनच अस्वस्थ वाटते. बहुमताचा आग्रह कायद्याच्या अक्षराचा आहे. तो मला परका नाही. वरिष्ठ कार्यालयाने काल होकार दिलेल्या गोष्टीला आज परिपत्रकाने गुन्हा ठरवले, तर खालचा माणूस कोणाच्या भरवशावर वागणार? दस्ता विकत घेतलेल्या हजारो लोकांना एका रात्रीत दहा वर्षांच्या शिक्षेच्या छायेत उभे करण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींनाच असावा, कारकुनांना नव्हे. पण मैदानात पडलेल्या माणसांना चाप किती वेळा हलला याचा हिशेब काय उपयोगाचा? न्यायमूर्ती अलिटो यांनी आपल्या वेगळ्या टिपणात उपाय सांगितलाच होता: संसदेने कायदा बदलावा. निकालानंतर चार दिवसांनी सिनेटमध्ये असे विधेयक एकमताने संमत करून घेण्याचा प्रयत्न झाला. एका सदस्याच्या आक्षेपाने तो बारगळला.

खरी गोम इथेच आहे. व्याख्या यंत्राची केली जाते आणि भीती परिणामाची असते. आपल्या कायद्यात निषिद्ध शस्त्राची व्याख्या थोडी वेगळी आहे. चापावर दाब दिल्यावर तो काढेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहिल्या तर ते निषिद्ध. अमेरिका चापाची क्रिया मोजते, आपण बोटाचा दाब. पण कोणत्याही वाक्यात फट राहतेच, आणि त्या फटीत बसेल असा भाग बनवणारा कारागीर उद्या सकाळी दुकान उघडून बसलेलाच असतो.

म्हणून कायद्याकडून दोनच अपेक्षा धराव्यात. फट दिसल्यावर ती बुजवण्याचे काम सभागृहाने उघडपणे आणि वेळेवर करावे, ते कचेरीच्या पत्रांवर सोडू नये. आणि फट बुजवताना, आपल्या कपाटातला तुकडा काय आहे हे ज्याला खरोखरच ठाऊक नव्हते, त्याला आणि जाणूनबुजून तो बसवणाऱ्याला एकाच तराजूत तोलू नये. १९९४ साली दोन खंडांतल्या दोन न्यायालयांनी ही दुसरी गोष्ट आपापल्या परीने सांभाळली. पहिली मात्र न्यायालयांच्या हातची नाही. ती मते मागायला दारात येणाऱ्यांची आहे, आणि म्हणून शेवटी मते देणाऱ्यांची.