घरगुती तारयुक्त संगणक जाळे

घरगुती तारयुक्त संगणक जाळे म्हणजे एकाच घरातील निरनिराळ्या खोल्यांमधील संगणक, दूरचित्रवाणी संच, कॅमेरे व अन्य उपकरणे तारांच्या साहाय्याने परस्परांशी आणि इंटरनेटशी जोडणारी व्यवस्था होय. अशा जाळ्यात प्रामुख्याने इथरनेट हे तंत्रज्ञान वापरले जाते. वायफायच्या तुलनेत तारेची जोडणी अधिक स्थिर असते. राउटर किंवा संगणक काही वर्षांनी सहज बदलता येतो. भिंतीत गाडलेली केबल मात्र बहुधा घराच्या पुढील मोठ्या डागडुजीपर्यंत तशीच राहते. त्यामुळे केबलची प्रत, तिचा मार्ग आणि टोकांची जोडणी या तीन गोष्टींना या व्यवस्थेत विशेष महत्त्व आहे.

इतिहास

दोन तारा एकमेकींभोवती पिळून संदेश वाहून नेण्याची कल्पना अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये दूरध्वनीसाठी मांडली. पीळ दिल्यामुळे बाहेरील विद्युत व्यत्यय दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो. दुसऱ्या टोकाला दोन तारांमधील फरक तेवढा मोजला जात असल्याने हा व्यत्यय बव्हंशी वजा होतो. इथरनेटची संकल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या सहकार्याने ती प्रत्यक्षात आणली. आरंभीचे इथरनेट जाड समाक्ष केबलवर चालत असे. पिळदार जोड्यांवरून सेकंदाला १० मेगाबिट वेग देणारे मानक १९९० मध्ये, तर १ गिगाबिट वेग देणारे मानक १९९९ मध्ये मान्य झाले.

आवश्यकता

वायफायच्या लहरी काँक्रीट, दगड व धातू यांतून जाताना क्षीण होतात. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यापेक्षा ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरींवर भिंतींचा परिणाम अधिक होतो. भारतातील अनेक सदनिकांमध्ये प्रकाशीय तंतूची जोडणी बैठकीच्या खोलीपर्यंतच येते आणि राउटरही तेथेच बसवला जातो. अशा वेळी दोन-तीन भिंतींपलीकडील खोलीत वेग घटतो. त्या खोलीपर्यंत केबल नेल्यास तेथील संगणक थेट जोडता येतो किंवा तेथे दुसरे वायफाय केंद्र बसवता येते.

केबलचे प्रकार

इथरनेट केबलमध्ये आठ तारांच्या चार पिळदार जोड्या असतात. कॅट-५ई केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग देऊ शकते. कॅट-६ केबलवर सुमारे ५५ मीटरपर्यंत, तर कॅट-६ए केबलवर १०० मीटरपर्यंत १० गिगाबिट वेग मिळू शकतो. घरातील अंतरे सहसा याहून बरीच कमी असल्याने नव्या कामासाठी कॅट-६ पुरेशी ठरते. भिंतीत एकसंध तारेची केबल वापरतात. भिंतीवरील सॉकेटपासून उपकरणापर्यंत मात्र अनेक बारीक तंतूंची लवचीक केबल वापरली जाते.

बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारांची केबलही मिळते. ती स्वस्त व वजनाला हलकी असते. परंतु तिचा विद्युत रोध अधिक असतो, ती लवकर तुटते आणि केबल मानकांच्या अटी ती पूर्ण करत नाही. केबलमधूनच कॅमेऱ्यासारख्या उपकरणांना वीज पुरवायची असल्यास ती अधिक तापते. म्हणून भिंतीत गाडण्यासाठी शुद्ध तांब्याची केबल वापरणे योग्य असते.

रचना व मार्ग

घरगुती जाळ्याची रचना ताऱ्यासारखी असते: प्रत्येक खोलीतील सॉकेटपासून एक अखंड केबल एका मध्यवर्ती जागेपर्यंत येते. तेथे राउटर व आवश्यकतेनुसार स्विच ठेवतात. स्विच हे उपकरण आलेली माहिती योग्य त्या केबलवर पाठवते. एकाच साध्या स्विचच्या दोन छिद्रांत एकाच केबलची दोन टोके चुकून जोडली गेल्यास माहिती गोल फिरत राहते आणि संपूर्ण जाळे ठप्प होऊ शकते.

केबल विजेच्या तारांच्या नळीतून नेऊ नये. तिच्यासाठी स्वतंत्र पीव्हीसी नळी असावी. दोन्ही मार्ग एकमेकांना ओलांडत असल्यास ते काटकोनात ओलांडावेत. केबलला तीव्र वळण देऊ नये; वळणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या किमान चौपट असावी. भिंतींना गिलावा होण्यापूर्वी नळी बसवणे सर्वांत सोपे असते. नळीत ओढण्यासाठी एक दोरी राखून ठेवल्यास पुढे भिंत न फोडता नवी केबल घालता येते. तयार घरात भिंतीवरून प्लॅस्टिकच्या पट्टीतून केबल नेता येते.

टोकांची जोडणी व तपासणी

तारांच्या रंगक्रमाच्या टी५६८ए आणि टी५६८बी या दोन पद्धती प्रचलित आहेत. टी५६८बी पद्धतीतील क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा आहे. केबलच्या दोन्ही टोकांना एकच पद्धत वापरावी. जोडणी करताना तारांचा पीळ सुमारे १३ मिलिमीटरपेक्षा अधिक उलगडू नये.

१०० मेगाबिट वेगासाठी दोन, तर १ गिगाबिट वेगासाठी चारही जोड्या लागतात. त्यामुळे उर्वरित दोन जोड्यांपैकी एखादी तार सुटलेली असली, तरी जाळे बंद न पडता केवळ १०० मेगाबिट वेगाने चालू शकते. असा दोष अनेकदा लक्षात येत नाही. १० गिगाबाइटची फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर पाठवण्यास १ गिगाबिट वेगाने किमान ८० सेकंद लागतात; १०० मेगाबिट वेगाने तेरा मिनिटांहून अधिक. म्हणून भिंत बंद करण्यापूर्वी प्रत्येक केबलच्या आठही तारा तपासणी यंत्राने पडताळणे आवश्यक असते.

सुरक्षितता

दोन इमारतींदरम्यान किंवा गच्चीवरून नेलेल्या तांब्याच्या केबलमधून, वीज जवळपास कोसळल्यास, विद्युत दाबाची लाट घरातील उपकरणांपर्यंत पोहोचू शकते. महाराष्ट्रात मान्सूनपूर्व काळात व परतीच्या पावसात विजांचे प्रमाण अधिक असते. इमारतीबाहेरील अशा जोडणीसाठी धातूचा भाग नसलेला प्रकाशीय तंतू अधिक सुरक्षित असतो, कारण तो वीज वाहून नेत नाही.

पर्याय

नवी केबल टाकणे शक्य नसल्यास घरातील विजेच्या तारांवरून माहिती पाठवणारे जोडयंत्र वापरता येते. मात्र त्याचा वेग तारांच्या स्थितीनुसार व चालू उपकरणांनुसार बदलतो. दूरचित्रवाणीची समाक्ष केबल खोल्यांमध्ये आधीच असल्यास तिचाही असा उपयोग होतो.