वाघावरून आलेला प्रकाश

उन्हाळ्याच्या सुट्टीतली ताडोबाची बुकिंगं झाली, की कॅमेऱ्याच्या दुकानांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "किती मिलिमीटरची लेन्स घेऊ?" ४००, ६००, की आता ८०० पर्यंतचीही झूम मिळते तर तीच? खोक्यावर हाच आकडा ठळक छापलेला असतो, त्यामुळे प्रश्न स्वाभाविक आहे. पण दीड-दोन लाख रुपये मोजण्याआधी एक साधा भागाकार करावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. लेन्सचा सर्वांत मोठा मिलिमीटरचा आकडा घ्या आणि त्या टोकाला तिचा जो एफ-नंबर असेल, त्याने त्याला भागा. जे उत्तर येईल, तो त्या लेन्सच्या पूर्ण उघड्या छिद्राचा, समोरून दिसणारा व्यास. वन्यजीव आणि खेळांच्या छायाचित्रणात लेन्सची खरी ताकद मला तरी या उत्तरातच दिसते.

आधी मिलिमीटरचं काम समजून घेऊ. नाभीय अंतर, म्हणजेच फोकल लेंग्थ, हे ठरवतं की समोरच्या जगाचा केवढा तुकडा सेन्सरवर मावेल. फुल-फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच असतो. ६०० मिमीची लेन्स लावून ५० मीटरवर पाहिलं, तर चौकटीत ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच एवढंच दृश्य येतं. वाघ शेपटीसकट साधारण अडीच ते तीन मीटरचा असतो, म्हणजे चौकट भरली. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा असेल तर तीच चौकट ४०० मिमीलाच मिळते, कारण सेन्सरच लहान असतो. पण तोच वाघ १५ मीटरवरून रस्ता ओलांडू लागला, की ६०० मिमीत जेमतेम ९० सेंटिमीटरचा तुकडा मावतो. चेहरा येतो, वाघ येत नाही. ताडोबात हे वारंवार घडतं. जिप्सीतून उतरता येत नाही, मागे-पुढे सरकता येत नाही आणि लेन्स बदलायला वेळ नसतो. अशा वेळी १५० किंवा २०० पर्यंत खाली येणारी झूमच कामाला येते.

पक्ष्यांचं गणित मात्र उलटं आहे. ओढ्याकाठचा छोटा खंड्या सोळा-सतरा सेंटिमीटरचा. १० मीटरवरून ६०० मिमीनेही तो चौकटीच्या रुंदीचा जेमतेम पाव भाग व्यापतो. लहान पक्ष्यांसाठी कुठलीच लेन्स पुरेशी लांब नसते. तिथे तासन् तास एका जागी न हलता बसणं हेच खरं साधन.

आता त्या भागाकाराकडे येऊ. वाघाच्या अंगावरून परावर्तित झालेला प्रकाश चहूकडे पसरतो. त्यातला जेवढा तुमच्या लेन्सच्या उघड्या छिद्रात शिरतो, तेवढ्यावरच छायाचित्र घडतं. छिद्र जितकं मोठं, तितका वाघाचा प्रकाश जास्त. अंगणात पावसाचं पाणी धरायला परात ठेवली काय नि वाटी ठेवली काय, पाऊस तोच असतो; फरक तोंडाच्या रुंदीचा. नाभीय अंतर हा गोळा झालेला प्रकाश सेन्सरवर किती पसरायचा, म्हणजे किती पिक्सेलांमध्ये वाटायचा, एवढंच ठरवतं. जास्त पिक्सेल मिळाले तर तपशील वाढतो हे खरं, पण वाटायला प्रकाशच कमी असेल तर प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला उपासमार येते आणि चित्रात दाणेदार नॉइज उमटतो.

बाजारातल्या लेन्सना हा भागाकार लावून पाहा. ७०-२०० एफ/२.८ : २०० भागिले २.८, म्हणजे ७१ मिमी. १००-४०० एफ/४.५-५.६ : पुन्हा ७१. कॅननची १००-५०० एफ/४.५-७.१ : ७०. या तिन्ही लेन्स किमतीने, आकाराने आणि नावाने वेगळ्या. पण एकाच जागी उभं राहून, एकाच शटर स्पीडने टिपलेल्या वाघाचा जवळजवळ सारखाच प्रकाश त्या गोळा करतात. सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६०० एफ/५-६.३, सोनीची २००-६०० आणि निकॉनची १८०-६०० : सगळ्यांचं उत्तर ९५ मिमी. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून ७१ वरून ९५ वर गेलं की प्रकाश सुमारे पावणेदोन पट होतो. कॅननची २००-८०० एफ/६.३-९ घेतली तर उत्तर ८९ येतं. म्हणजे आकडा ८०० चा असला, तरी प्रकाश ६०० च्या झूमपेक्षा थोडा कमीच. आणि ६०० मिमी एफ/४ ही स्थिर नाभीय अंतराची प्राइम लेन्स? १५० मिमी. ९५ च्या अडीच पट प्रकाश. तिची किंमत दहा लाखांच्या पुढे जाते ती यामुळेच. एवढ्या व्यासाची निर्दोष काच ओतणं, थंड करणं, घासणं हे काम अतिशय जिकिरीचं आहे.

लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायचा टेलिकन्व्हर्टरही या हिशेबात चटकन समजतो. १.४ पटीचा लावला तर ६०० चे ८४० होतात, पण छिद्र तेवढंच राहतं. वाघाचा नवा प्रकाश एक कणही येत नाही. आहे तोच अधिक पसरतो, एफ/६.३ चा एफ/९ होतो आणि लेन्समधले दोषही सोबत मोठे होतात. भरपूर ऊन आणि उत्तम लेन्स असेल तरच तो काढावा.

खेळांच्या मैदानावर प्रकाशाचा प्रश्न आणखी टोकदार होतो. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला क्रिकेटचा चेंडू सेकंदाच्या हजाराव्या भागात जवळपास ३.९ सेंटिमीटर पुढे सरकतो. चेंडूचा स्वतःचा व्यास सुमारे ७ सेंटिमीटर, म्हणजे १/१००० च्या शटरला तो अर्ध्या अंगाने फरफटलेला दिसतो. १/४००० ला हीच फरफट एका सेंटिमीटरवर येते, पण प्रकाशही एक-चतुर्थांश उरतो. दिवसाच्या सामन्यात हे परवडतं. प्रकाशझोतातल्या सामन्यात ज्या क्षणाला एफ/२.८ वर आयएसओ ३२०० पुरतो, त्याच क्षणाला एफ/६.३ च्या लेन्सला १६००० लागतो. सीमारेषेबाहेर बसलेले वृत्तपत्रांचे छायाचित्रकार ४०० मिमी एफ/२.८ ची अवजड प्राइम का बाळगतात, हे यावरून कळावं. ७५ मीटरवरून त्यांना पावणेसात मीटर रुंद चौकट मिळते : फलंदाज, यष्टिरक्षक आणि उडालेली बेल, सगळं एकत्र.

कबड्डीचं तसं नाही. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, छायाचित्रकार अगदी कडेला. इनडोअर स्टेडियममध्ये प्रकाश बेताचा आणि चढाईपटूचा हात सर्वांत वेगवान. इथे ६०० मिमी निरुपयोगी आहे. ७०-२०० एफ/२.८ शिवाय दुसरा विचार करू नये. आपल्या तालुक्यातल्या स्पर्धांचे फोटो काढणाऱ्या तरुणांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण लांब लेन्सच्या मोहात त्यांचे पैसे चुकीच्या जागी जाताना दिसतात.

हादरा-नियंत्रणाबद्दलही गैरसमज फार आहे. अदलाबदल करता येणाऱ्या लेन्समध्ये ही सोय कॅननने १९९५ साली ७५-३०० झूममध्ये पहिल्यांदा आणली. आतलं एक भिंग आपल्या हाताच्या कंपाविरुद्ध सरकतं आणि प्रतिमा स्थिर ठेवते. पण ती थांबवते हाताची हालचाल. हरणाची उडी किंवा चेंडूचा वेग तिला थांबवता येत नाही. त्यासाठी शटरचाच वेग लागतो आणि शटरला पुन्हा प्रकाश. पाणवठ्यावर निवांत पडलेल्या वाघासाठी ही सोय अमूल्य, उडणाऱ्या घारीसाठी जवळजवळ बिनकामाची.

आणखी एका भिंगाबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. ते म्हणजे तुमच्या आणि प्राण्याच्या मधली हवा. हवा तापली की तिची घनता घटते आणि तिचा अपवर्तनांक बदलतो. तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे लोट वर चढतात, थंड हवा खाली येते आणि प्रकाशकिरण या गरम-थंड कप्प्यांतून वाकत-वाकत आपल्यापर्यंत पोहोचतो. ताऱ्यांचं लुकलुकणं आणि डांबरी रस्त्यावरच्या झळा यांच्यामागचं भौतिकशास्त्र हेच. पारा ४५ अंशांच्या आसपास गेलेल्या चंद्रपूरच्या दुपारी शंभर मीटरवरच्या वाघाचे पट्टे जिवंत पाण्यासारखे थरथरताना दिसतात. ठाण्याच्या खाडीत भरदुपारी चिखलपट्टीवरचे रोहित पक्षी टिपणाऱ्यांनाही हा अनुभव नवा नाही.

सिद्धांताप्रमाणे ९५ मिमी व्यासाची लेन्स ५० मीटरवरचा सुमारे एक-तृतीयांश मिलिमीटरचा तपशील वेगळा दाखवू शकते. वाघाची मिशी न् मिशी मोजता यावी इतका. तापलेली हवा ही क्षमता पार धुऊन टाकते. ऑटोफोकसही गोंधळतो, कारण त्याला प्रतिमेची कडा एका जागी सापडत नाही. अशा वेळी लेन्स बदलून उपयोग नाही. ८०० मिमी लावली तर थरथरही तितकीच मोठी दिसते. उपाय दोनच : पहाटेची वेळ गाठणं आणि प्राणी आपणहून जवळ येईपर्यंत थांबणं. अंतर निम्मं झालं की मधली हवाही निम्मी होते. "लेन्स शार्प नाही" अशी तक्रार घेऊन आलेल्यांना मी आधी विचारतो : फोटो किती वाजताचा?

लांब लेन्सचा जुना शत्रू म्हणजे रंगांची फाटाफूट. काच लाल आणि निळ्या किरणांना वेगवेगळं वाकवते, त्यामुळे ते एका बिंदूत मिळत नाहीत आणि बगळ्याच्या पांढऱ्या पंखाला जांभळी कड येते. नाभीय अंतर वाढेल तसा हा दोष ठळक होतो. कॅल्शियम फ्लोराइडचा स्फटिक रंग फार कमी फाकवतो, पण निसर्गात तो मोठ्या आकारात आणि शुद्ध मिळत नाही. कॅननने तो कृत्रिमरीत्या वाढवून १९६९ मध्ये ३०० मिमीच्या लेन्समध्ये बसवला. हा स्फटिक उष्णतेला संवेदनशील असतो. म्हणून ऊन परतवण्यासाठी कॅननच्या मोठ्या लेन्स पांढऱ्या रंगवल्या गेल्या. आजच्या लाख-दोन लाखांच्या झूममध्ये ईडी किंवा तत्सम नावांची, रंग कमी फाकवणारी काच असते आणि ती या कामात समाधानकारक आहे. यावर घासाघीस करत बसण्याचे दिवस संपले.

ऑटोफोकसच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत खरी क्रांती झाली. आरसा असलेल्या डीएसएलआरमध्ये फोकसचे संवेदक लेन्सच्या दोन विरुद्ध कडांमधून आलेल्या किरणांची तुलना करत. छिद्र लहान झालं की या कडा जवळ येत आणि तुलना अडखळे. म्हणून बहुतेक संवेदकांची मर्यादा एफ/५.६, काहींची एफ/८ होती आणि झूम लेन्सही एफ/६.३ च्या पुढे जायला धजत नसत. मिररलेस कॅमेऱ्यात फोकस थेट सेन्सरवरच साधला जाऊ लागला, तेव्हा एफ/७.१ ची १००-५०० (२०२०) आणि एफ/९ पर्यंत जाणारी २००-८०० (२०२३) शक्य झाली. त्या हलक्या किंवा लांब झाल्या त्या प्रकाशाचा त्याग करूनच, हे विसरू नये. शिवाय हे कॅमेरे प्राण्याचा डोळा ओळखून त्याला धरून राहतात. ६०० मिमी एफ/६.३ वर, १० मीटरवरच्या पक्ष्यासाठी स्पष्टतेची खोली जेमतेम दहा सेंटिमीटर असते. तिथे ही मदत फार मोलाची. जुन्या कॅमेऱ्यावर नवी लेन्स घेण्याआधी म्हणूनच कॅमेऱ्याकडेही पाहावं.

वजन खिशाइतकंच महत्त्वाचं. सोनीची २००-६०० ट्रायपॉडला जोडायच्या कॉलरविना दोन किलोंच्या थोडी वर, निकॉनची १८०-६०० दोनच्या थोडी आत, कॅननची १००-५०० सव्वा ते दीड किलोंच्या दरम्यान. जिप्सीत ट्रायपॉड उभा करायला जागा नसते. तांदूळ किंवा वाळू भरलेली बीन बॅग कठड्यावर ठेवून लेन्स टेकवावी. सोनी आणि निकॉनच्या या झूम आतल्या आत फिरतात, लांबी बदलत नाही. पुढे सरकणारी लेन्स प्रत्येक वेळी बाहेरची हवा आत ओढते आणि ताडोबाच्या रस्त्यावर त्या हवेत लाल धूळ असते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते, तेव्हा लेन्स कपाटात बॅगेत कोंडून ठेवू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावी.

मला विचाराल तर जंगल आणि पक्षी हेच मुख्य असेल त्यांनी ९५ मिमी व्यासाची, ६०० पर्यंत जाणारी झूम घ्यावी आणि पहिली काही वर्षं दुसरीकडे पाहू नये. प्रवास फार आणि खांदा नाजूक असेल तर १००-४००. कबड्डी, कुस्ती, बॅडमिंटन असेल तर ७०-२०० एफ/२.८; तीच पुढे दुप्पट कन्व्हर्टरसह दिवसाउजेडी जंगलातही चालते. दुकानात जाताना स्वतःचा कॅमेरा न्या आणि लेन्स लावून दहा मिनिटं डोळ्याला धरून पाहा. मुंबई-पुण्यात लेन्स भाड्याने मिळतात. एका सफारीपुरती भाड्याची लेन्स घ्या, घरी आल्यावर सगळ्या फोटोंचं नाभीय अंतर तपासा आणि तुम्ही सर्वाधिक वापर कोणत्या आकड्याचा केलात ते पाहून मगच खरेदीला जा.