कोलाजेनचा डबा की ताटातले अंडे?
केस, नखे, त्वचा, पोट सुधारेल म्हणून कोलाजेनची पावडर घ्यावी काय, असे वस्तीतल्या भगिनी आम्हांला विचारतात. कोलाजेन म्हणजे कातडी-हाडांतले प्रथिन. पावडर मासळीच्या वा जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात. पोटात तिचे डाळ-अंड्यांच्या प्रथिनांप्रमाणेच तुकडे होतात. काही चाचण्यांत त्वचेला थोडा लाभ दिसला, पण बऱ्याच चाचण्या कंपन्यांच्या पैशाने झालेल्या. केस, नखे, पोट यांबाबत पुरावा तोकडाच.

शरीर कोलाजेन स्वतःच बनवते. त्याला प्रथिने आणि 'क' जीवनसत्त्व हवे. स्त्रीला रोज ६५ मिलिग्रॅम 'क' पुरते. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिळते. विडी-सिगारेटने मात्र कोलाजेन नासते. अंगात रक्त कमी असल्यानेही केस गळतात. म्हणून भगिनींनो, आधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. घामाचा पैसा डब्यात घालण्यापेक्षा मुलांच्या आणि स्वतःच्याही ताटात अंडे वाढा.