जीआरई पुन्हा देताना : गणिताचे गुण नेमके कुठे सांडतात?

सांगलीचे वालचंद महाविद्यालय, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा साखराळ्याची राजारामबापू इन्स्टिट्यूट येथून पदवी घेऊन परदेशी उच्च शिक्षणाचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला जीआरईच्या गणिताची सहसा धास्ती नसते. चार वर्षे विकलन-संकलनाशी झुंजलेल्या मुलाला दहावीच्या पातळीचे गणित ते काय अवघड! परंतु परीक्षा संपताच संगणकाच्या पडद्यावर गुण झळकतात आणि अपेक्षाभंग होतो. मग घरी विषय निघतो तो फेरपरीक्षेचा. परीक्षेचे शुल्क वीस हजार रुपयांहून अधिक आहे. शेतीच्या उत्पन्नावर किंवा एका पगारावर चालणाऱ्या घराला ते दुसऱ्यांदा भरणे सोपे नसते. म्हणूनच पुन्हा अर्ज भरण्यापूर्वी पहिल्या खेपेस गुण कशामुळे गेले, याचा शोध घेणे अगत्याचे आहे.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू. २२ सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा आटोपशीर झाली. गणिताचे आता दोन विभाग असतात : पहिल्यात २१ मिनिटांत १२ प्रश्न आणि दुसऱ्यात २६ मिनिटांत १५ प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम पावणेदोन मिनिटे मिळतात. गुण १३० ते १७० या पट्ट्यात दिले जातात. अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि माहितीचे विश्लेषण एवढाच अभ्यासक्रम असून त्रिकोणमिती व कलनशास्त्र त्यात नाही. पहिल्या विभागातील कामगिरीवरून दुसऱ्या विभागाची काठिण्यपातळी ठरते. त्यामुळे पहिल्या विभागातील सोप्या प्रश्नांत झालेली घाई पुढे महागात पडते.

अभियंत्याचे गुण बहुधा अज्ञानामुळे जात नाहीत, ते गृहीतकांमुळे जातात. एक साधा प्रश्न घ्या. एका बाजूस क्षचा वर्ग आहे, दुसऱ्या बाजूस क्ष, मोठे कोणते? घाईत हात 'वर्ग मोठा' या उत्तराकडे जातो. क्षची किंमत २ असेल तर ते खरे आहे. परंतु ती १ असेल तर दोन्ही बाजू समान होतात आणि अर्धा असेल तर वर्गच लहान ठरतो. प्रश्नात क्षविषयी काहीही सांगितलेले नसल्याने 'ठरवता येत नाही' हेच योग्य उत्तर होय. तुलनेच्या प्रश्नांत शून्य, एक, अपूर्णांक आणि ऋण संख्या या चौघांना आठवणीने विचारून मगच पुढे जावे.

दुसरे उदाहरण प्रवासाचे. सातारा ते सांगली अंतर १२० किलोमीटर धरू. जाताना ताशी ६० आणि येताना ताशी ४० किलोमीटर वेग असेल, तर सरासरी वेग किती? मन चटकन ५० म्हणते. वास्तविक जाण्यास २ तास, येण्यास ३ तास लागतात. २४० किलोमीटरला ५ तास, म्हणजे सरासरी ताशी ४८. येथे विद्यार्थ्याला सूत्र येत नव्हते असे नाही. त्याला थांबण्याची सवय नव्हती.

मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यांपुढे आणखी एक अडथळा असतो, तो शब्दांचा. मूळ संख्या, मध्यक, बहुलक, क्रमागत पूर्णांक या संकल्पना त्यांना पक्क्या ठाऊक असतात. परंतु 'प्राइम', 'मीडियन', 'मोड', 'कन्सेक्युटिव्ह इंटिजर्स' हे शब्द वाचून अर्थ लागेपर्यंत मोलाचे क्षण निघून जातात. 'इंटिजर' म्हटल्यावर शून्य आणि ऋण पूर्णांकही त्यात आले, हे अनेकदा निसटते. आपल्याकडील 'ट्रॅपेझियम' तेथे 'ट्रॅपेझॉइड' होतो. 'बिलियन' म्हणजे शंभर कोटी, हे तक्ता वाचताना आठवावे लागते. अशा शब्दांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर करून रोज एकदा डोळ्यांखालून घालावी.

आता तयारीविषयी. दोन परीक्षांमध्ये किमान २१ दिवसांचे अंतर बंधनकारक असून बारा महिन्यांत जास्तीत जास्त पाच वेळा परीक्षा देता येते. केवळ नियम परवानगी देतो म्हणून बाविसाव्या दिवशी धावू नये. पहिला आठवडा फक्त निदानासाठी ठेवावा. सरावातील प्रत्येक चुकलेला प्रश्न एका स्वतंत्र वहीत उतरवून पुढे कारण लिहावे : संकल्पना येत नव्हती, प्रश्न चुकीचा वाचला, आकडेमोड चुकली की वेळ संपली? 'निष्काळजीपणा' हे कारण लिहू नये, कारण त्यावर उपाय सापडत नाही. शंभरेक प्रश्नांनंतर आपली चूक कोणत्या रकान्यात साठते ते आपोआप दिसू लागते. पुढील तीन-चार आठवडे त्याच रकान्याला द्यावेत. चुकलेला प्रश्न आठवड्याने, उत्तर न पाहता, पुन्हा सोडवावा. परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेच्या दोन मोफत सराव परीक्षा उपलब्ध आहेत. त्या सुरुवातीलाच उधळू नयेत, एक तरी अखेरच्या आठवड्यासाठी राखावी.

चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नये. अडलेल्या प्रश्नावर खूण करून पुढे जावे. त्याच विभागात मागे येण्याची मुभा असते. पडद्यावर गणकयंत्र मिळते, मात्र प्रत्येक गुणाकारासाठी त्याकडे वळल्यास वेळ वाया जातो.

पुण्यातील केंद्रावर परीक्षा असल्यास रात्रीच्या एसटीने जागरण करीत पोहोचण्यापेक्षा आदल्या दिवशी मुक्कामास जावे. घरून परीक्षा देण्याची सोय आहे. पण तेथे कच्च्या कामासाठी सुटे कागद चालत नाहीत, पुसता येणारी लहान पाटी किंवा पारदर्शक आवरणातील कागद वापरावा लागतो. त्यावर आकडेमोड करण्याचा सराव आधीच हवा. वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा नसेल, तर केंद्रच बरे.

अखेरीस, फेरपरीक्षेची गरज आहे काय, हेही तपासावे. अनेक अमेरिकी विद्यापीठांनी जीआरई ऐच्छिक केली आहे. आपल्या यादीतील अभ्यासक्रमांच्या अटी पाहिल्यावर कदाचित शुल्क वाचेल. आणि परीक्षा द्यायचीच ठरली, तर इंग्रजीकडे पाठ फिरवू नये. कोणत्या तारखेचे गुण पाठवायचे हे विद्यार्थी ठरवू शकतो. परंतु एका परीक्षेतील इंग्रजीचे आणि दुसरीतील गणिताचे गुण जोडून पाठवता येत नाहीत.

पहिल्या प्रयत्नातील कमी गुण ही बुद्धीवरची मोहोर नव्हे. चुकांची वही प्रामाणिकपणे भरलेली असेल, तर दुसऱ्यांदा भरलेल्या पैशाचे चीज होण्याची शक्यता नक्कीच वाढते.