कातडीखालचं पाहणारी पेन्सिल

पोरांनो, जरा जवळ सरका आणि उजवा हात पुढे करा. तळवा आभाळाकडे ठेवा. आता कोपर न हलवता तळवा जमिनीकडे फिरवा. पाहिलंत? कोपर जागच्या जागी राहिलं आणि पंजा मात्र पुरता उलटा झाला! याचं कारण असं, की कोपरापासून मनगटापर्यंत आपल्याला एक नाही, दोन हाडं असतात. तळवा वर असताना ती शेजारी शेजारी असतात. तळवा पालथा केला, की अंगठ्याकडचं हाड दुसऱ्या हाडावरून तिरकं पलीकडे जातं.

ही गंमत चित्रकलेच्या वर्गात फार लवकर कळते. मुंबईला सर जे. जे. कलाशाळा आहे ना, १८५७ साली सुरू झालेली? तिथे शंभरएक वर्षांपूर्वी ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख होते. जिवंत माणूस समोर उभा करून चित्र काढायच्या वर्गाला त्यांनी तिथे मानाची जागा दिली. समोर उभं राहणाऱ्याला म्हणतात मॉडेल. तो जराही न हलता तासन्‌तास उभा असतो. फार कष्टाचं काम आहे ते, आणि फार मोलाचंही. मुलं चारकोल घेऊन त्याच्याकडे बघतात, कागदाकडे बघतात, पुन्हा त्याच्याकडे बघतात. पालथा हात काढताना रेष चुकली, की गुरुजी विचारतात, ‘आतली हाडं कुठं गेली आत्ता?’ मग काय, रेष सोडून मुलगा हाडांच्या मागे लागतो.

पहिला धडा असतो मापाचा. डोळे कुठे असतात? तुम्ही सगळी ते कपाळाजवळ काढता. बोटांनी मोजून पाहा बरं! हनुवटीपासून डोळ्यापर्यंत जेवढं अंतर, जवळजवळ तेवढंच डोळ्यापासून टाळूपर्यंत. मोठं माणूस आपल्या डोक्याच्या साधारण साडेसातपट उंच असतं, तर नुकतं जन्मलेलं बाळ चारपटच. म्हणून मोठ्या माणसाचं नुसतं लहान चित्र काढलं, तर ते बाळ दिसत नाही, बुटका माणूस दिसतो. वाढताना शरीर सगळीकडे सारखं वाढत नाही. पाय खूप वाढतात, डोकं थोडंच.

दुसरा धडा उभं राहण्याचा. आपला विठोबा कसा उभा आहे? समचरण. दोन्ही पायांवर सारखा भार, म्हणून कंबर सरळ आणि खांदेही सरळ. आता मुरलीधर आठवा किंवा अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी. त्या उभं राहण्याला म्हणतात त्रिभंग. तुम्हीही सगळा भार उजव्या पायावर टाका आणि डावा गुडघा सैल सोडा. कमरेवर हात ठेवा. उजवीकडचं हाड वर गेलं ना? आता उजवा खांदा खाली आला असेल. कंबर एकीकडे कलली, की कणा वाकतो आणि खांदे उलट बाजूला कलतात. असं केलं नाही, तर तोल जाईल. शिल्पकारांनी हे शतकानुशतकं डोळ्यांनी टिपलं.

आता बोटं मिटा आणि उघडा. दुसऱ्या हातानं कोपराखालचा भाग धरून ठेवा. आत काहीतरी हलतंय ना? बोटांना ओढणारे जोरकस स्नायू बोटांत नसतातच, ते तिथे वर असतात. त्यांच्या लांब दोऱ्या मनगटातून जाऊन बोटांच्या हाडांना बांधलेल्या असतात. कळसूत्री बाहुलीची सूत्रं खेळवणाऱ्याच्या हातात असतात, तसंच हे. म्हणून तर बोटं इतकी बारीक आणि चपळ राहिली. सगळे स्नायू बोटांतच असते, तर सुईत दोरा ओवता आला असता का?

हे सारं ज्यानं झपाटून शोधलं, तो इटलीचा लिओनार्दो दा विंची. चित्र खरं उतरावं म्हणून त्यानं शरीर आतून पाहायला घेतलं आणि मग त्या शोधातच रमला. तीसहून अधिक मृतदेहांचं विच्छेदन केल्याचं तो स्वतः सांगतो. १५१०च्या सुमारास, साठीजवळ आलेला असताना, तो मार्कान्तोनियो देल्ला तोर्रे या तरुण अध्यापकाबरोबर काम करत होता. तळवा फिरताना हाडं कशी सरकतात, हे त्यानं तेव्हाच काढून ठेवलं. पण १५११मध्ये तो अध्यापक प्लेगनं गेला आणि लिओनार्दोच्या हयातीत ती पानं छापली गेलीच नाहीत. आज ती इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात, विंडसरला आहेत. त्यांतल्या एका पानावर त्यानं सुतारपक्ष्याच्या जिभेचं वर्णन करायचं, अशी स्वतःलाच आठवण लिहून ठेवली आहे. माणसाच्या स्नायूंत बुडालेल्या माणसाला पाखराच्या जिभेचंही कुतूहल!

तुम्हीही आज आपलं पाऊल काढा. आतला घोटा वर आणि बाहेरचा खाली दिसेल. का? ते दोन घोटे पायाच्या दोन वेगळ्या हाडांची टोकं आहेत म्हणून. हे मी सांगितलं. पण पावलावर आणखी कितीतरी उंचवटे आहेत. ज्याचं कारण कळणार नाही, त्याच्याशेजारी कागदावर प्रश्नचिन्ह काढा आणि उत्तर शोधायला लागा.