एक खिडकी, दोन रांगा

पूर्णा जंक्शनवर अकोल्याचा फाटा फुटतो, त्यामुळे तिकीट खिडकीपुढे गर्दी ठरलेली. समजा, खिडकी एकच आहे, पण रांगा दोन. डावीकडचे काका सुट्टे पैसे शोधत खिसे चाचपतात, तेवढ्यात बाबू उजवीकडच्या ताईंना हिंगोलीचं तिकीट देऊन मोकळा होतो. माणूस एकच, पण लांबून पाहणाऱ्याला वाटतं, दोघं काम करताहेत.

संगणकाच्या प्रोसेसरमध्ये असंच चालतं. प्रत्यक्ष हिशेब करणारा भाग म्हणजे कोअर, आपला बाबू. मेमरीतून माहिती येईपर्यंत तो रिकामा बसतो. मग त्याच्यापुढे दुसऱ्या कामाची रांग लावायची. विंडोज प्रत्येक रांगेला एक ‘लॉजिकल प्रोसेसर’ मानते. इंटेलने ही युक्ती २००२ मध्ये बाजारात आणली. वेग मात्र दुप्पट होत नाही. दोन्ही रांगांतले लोक तयारीनिशी आले, तर बाबू काय करणार?

आपल्या संगणकात किती बाबू आहेत? कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘सीपीयू’ निवडा. खाली कोअर आणि लॉजिकल प्रोसेसर हे दोन आकडे स्वतंत्रपणे दिसतील. लिनक्सवर ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा पुरते.

लॉजिकल आकडा निम्मा केला की कोअर मिळतात, हा ठोकताळा आता फसतो. इंटेलच्या आय५-१२३५यू मध्ये दोन दणकट कोअर दोन-दोन रांगा सांभाळतात, आठ काटकसरी कोअर एकेकच. म्हणजे कोअर १०, रांगा १२. दुकानदार ‘बारा’ म्हणाला, तर बारा काय, ते आधी विचारा.