सलाईन आणि सावधपणा

रुग्णालयांत खाटेशेजारीं उंच दांडीवर टांगलेली बाटली, तिच्यांतून थेंब थेंब उतरणारें पाणी आणि आजाऱ्याच्या हातावर चिकटपट्टीनें बसविलेली नळी, हें दृश्य आपणांपैकीं कोणासही अपरिचित राहिलेलें नाहीं. घरांतील कोणी आजारी पडलें म्हणजे आपण त्याच्या उशाशीं तासन् तास बसतों, बाटली किती उरली तें पाहतों, आणि थेंब पडत आहेत एवढें दिसलें म्हणजे निश्चिंत होतों. परंतु थेंब पडत आहेत म्हणून औषध शिरेंतच जात आहे, असें मात्र नव्हे. कधीं कधीं तें शिरेच्या बाहेर, कातडीखालीं व आसपासच्या मांसांत झिरपत असतें. हें वेळींच कसें ओळखावें, तें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

शिरेवाटे औषध देण्याची कल्पना बरीच जुनी आहे. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानें १६२८ सालीं रक्ताभिसरणाचें तत्त्व जगापुढें मांडलें. तेव्हां शिरेंत घातलेला पदार्थ हृदयाच्या मार्गानें सर्व शरीरांत पसरेल, हें उघड झालें. १८३२ सालीं स्कॉटलंडांतील लीथ येथें डॉ. टॉमस लाटा यांनीं पटकीनें मरणोन्मुख झालेल्या रोग्यांच्या शिरेंत मिठाचें पाणी सोडलें आणि त्यांतील कांहींचे प्राण वाचविले. आजच्या सलाईनचें मूळ तें हेंच. आपल्या देशांत १९१५ च्या सुमारास काळा आजार नांवाच्या भयंकर रोगावर अँटिमनीचा क्षार शिरेवाटे देऊं लागले. हें औषध शिरेंत गेलें तर गुणकारी. पण सुई किंचित् चुकून तेंच बाहेर सांडलें, तर तेथें तीव्र वेदना होऊन मांस मरत असे. तात्पर्य, जें औषध रक्तांत अमृतासारखें, तेंच दोन केसांच्या अंतरावर विषासारखें होऊं शकतें, हा अनुभव वैद्यांना प्रथमपासूनच आलेला आहे.

असें होण्याचें कारण समजण्यास शिरेची रचना ध्यानांत घ्यावी. शीर म्हणजे पातळ भिंतीची मऊ नळी. हल्लीं सुईनें ती भेदून आंत प्लास्टिकची लवचिक नळी सरकवितात आणि सुई काढून घेतात. तरीसुद्धां आजाऱ्यानें हात वारंवार हालविला, तर नळीचें टोंक शिरेच्या भिंतीस घांसतें व क्वचित् तिच्या पार जातें. मनगट किंवा कोपर अशा सांध्याच्या जागीं हा धोका अधिक. कधीं औषधाच्या तीव्रतेनें भिंतच सुजते. कधीं पुढें रक्ताची गांठ धरून वाट अडते, आणि मग द्रव भोंकाच्या कडेनें बाहेर येतो. शेताच्या पाटास मध्येंच खिंडार पडलें म्हणजे विहिरीवरचा पंप चालूंच राहतो, पाणीही वाहतच असतें. परंतु पीक कोरडें राहतें आणि भलत्याच ठिकाणीं चिखल होतो. येथेंही तसेंच दुहेरी नुकसान होतें. आजाऱ्यास औषध मिळत नाहीं, आणि जेथें जाऊं नये तेथें तें सांचतें.

सांचलेला द्रव साधें मिठाचें पाणी असेल, तर बहुधा कांहीं तासांत वा एक दोन दिवसांत तें आपोआप शोषलें जातें. परंतु सर्वच औषधें इतकीं सौम्य नसतात. दाट साखरेचें पाणी, कॅल्शियमचे क्षार, फेफऱ्यावर देतात तें फेनिटॉइन, घसरलेला रक्तदाब वाढविणारें नॉरअॅड्रिनलिन आणि कर्करोगावरील कांहीं औषधें कातडीखालीं गेलीं असतां फोड येतात, कातडी काळी पडते व खोल जखम होते. कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाची खरी इजा तर कित्येक दिवसांनीं उघड होते. म्हणून येथें घटकेघटकेला महत्त्व आहे.

आतां ओळखावें कसें? पहिली खूण आजाऱ्यालाच कळते. नळीच्या जागीं आग होणें, ताण बसणें, हात जड वाटणें, ह्या त्या खुणा होत. मात्र दुखत नाहीं म्हणजे सर्व ठीक आहे असें समजूं नये. सौम्य द्रव कित्येकदां मुळींच न दुखतां सांचत जातो.

दुसरी खूण डोळ्यांनीं पाहावयाची. दोन्ही हात शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. एक हात दुसऱ्याहून फुगलेला, फिकट वा तुकतुकीत दिसत असेल, बांगडी किंवा अंगठी रुतूं लागली असेल, अथवा चिकटपट्टीखालीं ओल आली असेल, तर संशय घ्यावा. पाणी उताराकडे जातें, म्हणून हाताची खालची बाजूही पाहावी. पांघरुणाखालीं झांकलेला हात हा तर सर्वांत धोक्याचा. तो नेहमीं उघडा ठेवावा.

तिसरी खूण स्पर्शाची. बाटलींतील द्रव अंगापेक्षां थंड असतो. तो कातडीखालीं सांचला म्हणजे ती जागा हातास गार व ताठर लागते. उलट ती जागा लाल व ऊन असून शीर दोरीसारखी कठीण लागली, तर ती शिरेचीच सूज होय. तीही लागलीच सांगण्याजोगी गोष्ट आहे.

चौथी खूण थेंबांची. ते विनाकारण मंदावले किंवा थांबले, तर कोठें तरी अडथळा आहे असें जाणावें.

परिचारिकेपाशीं याहून अधिक परीक्षा असतात. बाटली हाताच्या पातळीखालीं धरली असतां नळींत रक्त आलें, तर टोंक शिरेंत असल्याचें तें एक चिन्ह आहे. परंतु केवळ त्यावर विसंबतां येत नाहीं. शीर फाटलेली असूनही रक्त येऊं शकतें, आणि शीर बारीक असल्यास सर्व ठीक असूनही येत नाहीं. दुसरी परीक्षा अशी कीं, नळीच्या टोंकाच्या वरच्या अंगास, म्हणजे खांद्याच्या बाजूस, शीर बोटानें दाबावयाची. द्रव शिरेंत जात असेल, तर थेंब मंदावतात किंवा थांबतात. तरीही ते पूर्ववत् पडतच राहिले, तर द्रव शिरेबाहेर जात आहे असें समजावें. ह्या परीक्षा जाणत्यानेंच करावयाच्या आहेत. आपण नळीस हात लावूं नये.

कोणी म्हणेल, आतां मोठमोठ्या रुग्णालयांत औषध मोजून सोडणारीं विजेचीं यंत्रें आहेत, मग ही चिंता कशाला? परंतु तीं यंत्रें वाटेंतील दाब वाढला तरच घंटा वाजवितात. कातडीखालचें मांस मऊ व सैल असल्यामुळें बरेंच पाणी सामावून घेतें. दाब फारसा वाढत नाहीं, घंटा वाजत नाहीं, आणि यंत्र औषध ढकलीतच राहतें. म्हणून बालकांच्या नळीची जागा निदान दर तासास पाहावी असा परिचर्याशास्त्राचा दंडक आहे.

आजाऱ्याच्या तक्रारीकडे दुर्लक्ष केल्यानें काय होतें, याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकेंतील व्हर्मांट संस्थानांत २००० सालीं वादनावर उपजीविका करणाऱ्या एका स्त्रीस मळमळीवरील प्रोमेथाझीन हें औषध शिरेवाटे टोचण्यांत आलें. औषध थेट धमनींत गेलें, किंवा शिरेंतून बाहेर झिरपून धमनीच्या रक्तास मिळालें. दुखत असल्याचें तिनें सांगितलें, तरी टोचणें थांबलें नाहीं. हात सडूं लागला. प्रथम पंजा व नंतर कोपरापर्यंतचा भाग कापावा लागला. औषधावरील सूचना अपुरी होती, या मुद्द्यावर तिनें केलेला दावा देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००९ सालीं निकाल तिच्या बाजूनें लागला. परंतु वाद्य वाजविणारा हात कांहीं परत आला नाहीं.

संशय आल्यास काय करावें? परिचारिकेस तत्काळ बोलवावें, आणि द्रव बंद करण्यास सांगावें. नळी स्वतः उपटूं नये; कारण सांचलेलें औषध त्याच नळीवाटे ओढून काढण्याचा प्रयत्न डॉक्टर कित्येकदां करतात. जागा चोळूं नये. आपल्याच मतानें शेक किंवा बर्फ लावूं नये. कांहीं औषधांवर थंडावा हितकर असतो, तर कांहींवर ऊब, आणि उलट केल्यास अपाय होतो. हात उशीवर उंच ठेवावा व कोणत्या वेळीं काय दिसलें तें ध्यानांत ठेवावें. बोटें बधिर झालीं, हालविनाशीं झालीं किंवा वेदना असह्य झाली, तर क्षणाचाही विलंब न लावतां डॉक्टरांस कळवावें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यावर कधीं अशी वेळ आली आणि हात दुखूं लागला, तर "रागावतील" म्हणून गप्प बसूं नका, निःसंकोच सांगा. आणि पालकांस एवढीच विनंती कीं, मूल रडूं लागलें तर तें हट्टानेंच रडत आहे असें धरून चालूं नये; आधीं त्याचा हात पाहावा. तान्हें बालक, बेशुद्ध मनुष्य, थकलेले वृद्ध आजोबा यांना आपलें दुखणें सांगतां येत नाहीं. त्यांच्या वतीनें पाहणें व बोलणें हें उशाशीं बसणाऱ्याचें कर्तव्य आहे. आजाऱ्याजवळ रात्रभर बसून राहणें ही सेवा खरीच. परंतु त्या रात्रींत दर तासास एकदां उठून पांघरूण बाजूला सारावें आणि त्याचे दोन्ही हात पाहावे. एवढ्यानें एखादा हात वांचतो.